कुठल्या पानावर थांबलात? अलीकडच्या वाचनातले अनुभव

गेल्या महिन्यात धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' वाचत होते. एका जागी थांबले, पुस्तक मिटलं आणि पुढचे तीन दिवस हातात घेतलं नाही. कंटाळा आला म्हणून नव्हे, पुढे जाववेना म्हणून.

मी वास्कोत राहते, नोकरीला रोज पणजीला जाते. बस साखवाळवरून जाते. वरच्या अंगाला कारखान्याची धुराडी, खालच्या अंगाला जुवारीपर्यंत उतरत गेलेले माड. ह्याच साखवाळात 1876 साली कोसंबी जन्मले, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. वीस वर्षं त्या गावावरून जाते आहे मी! शाळेत ह्या माणसाचं नाव कधी कानावर पडलं नाही, ह्याचं अजून वाईट वाटतं.

शाळा धड न झालेला, बापाच्या नारळीच्या बागेत राबणारा हा मुलगा. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र त्याच्या वाचनात येतं आणि तिथून त्याचं चित्त घरात लागत नाही. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकायचं. मग बौद्ध धर्म शोधत नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश, पुढे थेट हार्वर्ड. हे सगळं ज्या मराठीत लिहिलंय ना, त्या मराठीला मी मानते. स्वतःची कीव नाही, स्वतःचं कौतुक नाही. उपास पडला तर उपास पडला, ताप आला तर ताप आला, एवढंच. 1924 चं पुस्तक आहे, पण आजोबा समोर बसून सांगताहेत असं वाटतं.

मी थांबले ती जागा म्हणजे 1899 चा शेवट. ते घर सोडतात. मागे बायको बाळाबाई आणि अंगावर पिणारी मुलगी, माणिक.

माझे वडील आखातात गेले तेव्हा मी आठ महिन्यांची होते. चार वर्षांनी आले. दारात उभ्या असलेल्या माणसाला मी 'काका' म्हटलं, असं आई सांगायची. सांगताना हसायची, पण पदर तोंडाला लावायची. त्या पानावर मला बाळाबाई दिसेनात, आईच दिसायला लागली. विद्येसाठी गेले, पोटासाठी गेले, फरक आहेच. पण मागे राहिलेल्या बाईच्या चुलीला तो फरक कळतो का?

तीन दिवसांनी पुन्हा उघडलं ते सोडवेना म्हणूनच. पुढे हाच माणूस कलकत्त्याच्या विद्यापीठातली नोकरी सोडून बडोद्याच्या महाराजांचे महिना 50 रुपये पत्करतो, का, तर आपल्या मुलखात काम करता यावं. ह्या माणसावर रागावल्याशिवाय राहवत नाही आणि फार वेळ रागावताही येत नाही. मी अजून तिथेच आहे.

तर तुमचे अनुभव हवे आहेत. अलीकडे जे वाचलंत त्याचं परीक्षण नको, कथानक नको. कुठे थांबलात, पुस्तक का मिटावं लागलं, तेवढं सांगा. जुनं पुस्तक असलं तरी चालेल, वाचन मात्र ताजं हवं.

*

फोंडा

माझ्या सासूबाई 84 वर्षांच्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण वाचनाची ओढ गेली नाही. म्हणून दिवेलागणीनंतर मी त्यांना वाचून दाखवते. पावसाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली.

सुरुवातीला वडिलांचं सोवळं येतं, दिसेल ती वस्तू धुऊन घेणं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आमच्याकडेही असंच होतं गो," म्हणाल्या. त्यांच्या माहेरी बाजारातून आलेली नारळाची सोडणंसुद्धा विहिरीवर धुतल्याशिवाय न्हाणीत जाळायला घेत नसत म्हणे. लक्ष्मीबाईंना शाळा नाही, नवऱ्याने शिकवली तेवढीच अक्षरओळख. पण बोलल्यासारखं लिहिलंय, त्यामुळे मोठ्याने वाचायला ह्याच्यासारखं पुस्तक नाही. मी आवाज काढून वाचते आणि कधी कधी मलाच वाटतं की मी लक्ष्मीबाई झाले.

मग 1895 चा फेब्रुवारी आला. लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले, ती बातमी घरी येते. मी वाचत होते आणि सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पुरे आज."

दुसऱ्या दिवशी वाचायला बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या, "मला एक थोरली बहीण होती." लग्नाला 26 वर्षं झाली माझ्या. त्यांना बहीण होती हे मला माहीत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. गोवा मुक्तीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. ती शिक्षिका होती, शाळेतल्याच एका ख्रिस्ती मास्तराशी तिने चर्चमध्ये लग्न केलं. वडिलांनी तिच्या नावाने आंघोळ केली. घरातल्या फोटोतून तिचा भाग कापून काढला. तो कापलेला फोटो सासूबाईंच्या पेटीत आहे, पाच माणसं आणि एका बाजूला कात्रीची तिरकी धार. त्या धारेला लागून एक हात राहिलाय, बांगड्या घातलेला, कोपरापर्यंतचा. एवढी वर्षं मी तो फोटो पुसत होते आणि तो हात कोणाचा हे कधी विचारलं नव्हतं.

पुस्तक पुरं झालं. शेवट लक्ष्मीबाईंच्या हातचा नाही. 1936 मध्ये त्या गेल्या आणि उरलेलं मुलाने, देवदत्तांनी लिहिलं. ते प्रकरण सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं. त्यांची बहीण दहा वर्षांपूर्वी मडगावात वारली हे आता कळलं. तिच्या मुलाचा ठावठिकाणा माझा नवरा शोधतो आहे.

*

हडफडे

जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. दळवी वाढले आरवलीत, पण त्यांचा जन्म आमच्या हडफड्यातला, 1925 चा. त्यामुळे मी त्यांना आमचेच धरतो.

पुस्तकभर गावातली माणसं आहेत, एकेक वल्ली. मी थांबलो ते वाचताना एक गोष्ट लक्षात आली म्हणून. माझ्या वाड्यावर आता अशी माणसं मोजायला गेलो तर एका हाताची बोटं पुरतात. बाकीच्या घरांना नावं आहेत, तरणतलाव आहेत, कुलपं आहेत. बाजूच्या घरात दर आठवड्याला नवी माणसं येतात. त्यांना माझं नाव माहीत नाही, मला त्यांचं नाही. सगळे खरोखरच घडीचे प्रवासी. दळवींच्या गावात भांडायला तरी शेजारी होता हो.

*

वास्को, सध्या जहाजावरून घरी आलेला

मी तारवटी. मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये मोटरमन आहे, सतरावं वर्ष. बॅगेत दोन मराठी पुस्तकं असतातच. ह्या खेपेला विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' होतं. बारीक पुस्तक, दोन वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या दोन पाळ्यांत संपेल असं वाटलं. चार महिने पुरलं.

1939 साली आलेली कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा, आणि आपला चक्रधर. ह्या लोकांना कुठलाच देश घ्यायला तयार नाही. बंदर येतं, उतरता येत नाही. हे किनाऱ्यावर बसून वाचणं वेगळं आणि जहाजावर वाचणं वेगळं, असं मला ठामपणे वाटतं. बंदराचे दिवे दिसताहेत आणि उतरायचा कागद नाही, ही चीज काय असते ते आम्ही कोविडच्या वर्षी भोगलं. करार संपून पाच महिने झाले तरी घरी जाता येत नव्हतं. मुरगावच्या धक्क्यापासून काही मैलांवर नांगर टाकून होतो. दुर्बिणीतून मला माझ्या टेकडीवरची पाण्याची टाकी दिसायची.

पण मी थांबलो ते त्याच्यासाठी नव्हे. बेडेकरांच्या बोटीवर एकाच जेवणघरात एकमेकांचे वैरी बसतात. 2022 च्या मार्चमध्ये आमच्या जहाजावर सेकंड इंजिनीअर युक्रेनचा होता, ओडेसाचा, आणि चीफ मेट रशियन. मेसमध्ये दोघांची खुर्ची समोरासमोर. पहिले दोन दिवस दोघेही जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सेकंड आला, मेट आधीच बसलेला. भाकरीची टोपली मेटजवळ होती. त्याने ती मधोमध सरकवली, वर बघितलं नाही. सेकंडने एक तुकडा घेतला. एवढंच. पुढे सहा आठवडे दोघे कामापुरते बोलले आणि एकाच बंदरात उतरून दोन वेगळ्या विमानांनी गेले.

'रणांगण' वाचताना ती टोपली डोळ्यांसमोर आली आणि मी पुस्तक उशीखाली सरकवलं. पुढे काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. बेडेकरांनी आयुष्यात ही एकच कादंबरी लिहिली. पुरेशी आहे.

*

म्हापसा

पहिल्या ताईंच्या 'निवेदना'बद्दल. बाळाबाईंचं मलाही लागलं होतं. त्यात एक गोष्ट जोडते. ह्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर कोसंबींच्या नातीने केलं, मीरा कोसंबींनी. त्या स्त्रियांच्या इतिहासाच्या मोठ्या अभ्यासक, पंडिता रमाबाईंवर त्यांनी आयुष्य घातलं. ज्या घरातून आजोबा निघून गेले, त्याच घरातली एक विदुषी शंभर वर्षांनी ते निघून जाणं ओळ न् ओळ दुसऱ्या भाषेत नेते. हे कळल्यापासून मला ते पान थोडं वेगळं दिसतं. राग गेला असं म्हणणार नाही.

मी स्वतः थांबले ते पुस्तकात नाही, पुस्तकाबाहेर. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर होतं, आणि त्यांचा गोवा तर आणखी 14 वर्षं पोर्तुगीजांकडेच राहायचा होता. काशीत अन्नछत्रात पोट भरणारा माणूस शेवटी अन्नाला निरोप देतो. 'निवेदन' त्याच्या खूप आधी संपतं, पण मला ते शेवटचं पान त्यातच असल्यासारखं वाटतं.

*

वाडे, सांगे

मी कुर्डीची. म्हणजे कुर्डीची होते. साळावली धरणात आमचा गाव गेला तेव्हा मी नऊ वर्षांची. आम्हाला वाड्याला आणलं, काही घरं वालकिणीला गेली.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' माझ्या मुलीने आणली, तिला कॉलेजात होती. धरणग्रस्तांची कादंबरी आहे, 1991 ची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुलगी म्हणाली, आई, हे तुमचंच आहे. मी म्हटलं, ते तिकडचं, घाटावरचं. आमच्याकडे माड, त्यांच्याकडे जोंधळा. आमचं कसं असेल?

वाचायला लागले आणि माडाचा नि जोंधळ्याचा फरक चार पानांत पुसला गेला. मोबदल्याच्या कागदामागे धावणारी माणसं, खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस, आज या, उद्या या. माझे बाबा असेच चपला झिजवायचे. कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही, सगळ्या सारख्याच होत्या. एकदा परत आले आणि ओटीवर बसून त्यांनी चप्पल उलटी करून बघितली. तळव्याला भोक पडलं होतं. त्यातून त्यांनी बोट घातलं आणि आईला दाखवलं. बोलले काहीच नाहीत.

मी थांबले ते गाव उठतो तिथे. मी ते प्रकरण अजून वाचलेलं नाही. मुलगी म्हणते, आई, वाच, पुढे बरंच आहे. नाही वाचत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मे महिन्यात पाणी उतरतं आणि कुर्डी वर येते. तडकलेला चिखल, त्यात माडांचे बुंधे, जोती, विहिरींची कडी. सोमेश्वराचं देऊळ वर येतं. आमचं महादेवाचं जुनं, कदंबांच्या काळातलं देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन परत उभं केलं, ते वेगळं. ज्यांच्या नावात आमचा गाव आहे त्या गायिका मोगूबाई कुर्डीकर इथल्याच. त्यांच्या घराची जागाही दाखवतात. मेमध्ये आम्ही सगळे जमतो, पूजा होते, जेवण होतं, आणि प्रत्येकजण आपापल्या जोत्यावर जाऊन बसतो.

ह्या वर्षी मी 'झाडाझडती' पिशवीत घालून नेली होती. का, ते मला सांगता येणार नाही. आमच्या घराच्या स्वयंपाकघराची जागा अजून कळते, कारण तिथे पाट्याचा दगड आहे. जड म्हणून आईने तेव्हा नेला नाही. चाळीस वर्षं पाण्याखाली राहून त्याचा खडबडीतपणा गेलाय. पण कडेला एक खळगा आहे, आई वाटून झालं की वरवंटा टेकवायची तिथला, तो तसाच आहे. मी त्यात बोट फिरवलं, आत बारीक रेती होती. त्या दगडावर पुस्तक ठेवलं, बाजूला बसले आणि मुलीला म्हटलं, ते प्रकरण तूच वाच, मनात वाच, मला ऐकवू नको. तिने वाचलं. तिला अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर ती विहिरीपर्यंत चालत गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

साळावलीचं पाणी मडगाव, वास्कोला जातं. जावं, लोकांना पाणी हवं. पण आमच्या वसाहतीत किती उन्हाळे आम्ही टँकरची वाट बघत बादल्या मांडून बसलो ते वास्कोच्या ताईंना, तारवटी दादांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

*

वास्को (सुरुवात केलेली)

वाडेच्या ताई, सकाळी नळ सोडला आणि तुमची आठवण झाली. पुढच्या मेमध्ये तुमच्याबरोबर कुर्डीला येऊ का?

*

सत्तरी

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, सरकारी मराठी शाळेतला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तरुणपणी वाचली होती. ह्या वर्षी परत वाचली. एक तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एकशिक्षकी शाळेत रुजू होतो, ही गोष्ट. 1955 चं पुस्तक. मी 1989 मध्ये रुजू झालो, पण माझी वाट तीच होती. शेवटच्या बसथांब्यापासून तासभर चढ, मध्ये एक व्हाळ, पावसात त्याला दोर बांधलेला. पोरं गवळी-धनगरांची. पहिल्या दिवशी सातजणं आली, दुसऱ्या दिवशी दोन, कारण म्हशी रानात नेणं माझ्या बाराखडीपेक्षा गरजेचं होतं. आयबू, आनंदा रामोशी, कारभारी, ह्यांतला प्रत्येकजण मला त्या डोंगरावर वेगळ्या नावाने भेटलाय.

तरुणपणी मला ती तालीम बांधायची खटपट आवडली होती. आता थांबलो ते शेवटाला. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते, मास्तर एकटा उरतो. आमच्याकडे दुष्काळ नाही, सत्तरीत पाऊस धो धो पडतो. पण माझी शाळा बंद झाली तेव्हा पटावर तीन मुलं होती. माणसं खाली रस्त्याजवळ आली, पोरं बसने दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत जायला लागली, कोणाला दोष द्यायचा? घंटा म्हणून वापरायचो तो रुळाचा तुकडा मी उतरवून घेतला आणि पंचांना सांगून घरी आणला. परसात टांगलाय. बनगरवाडी मिटवली त्या संध्याकाळी जाऊन एक टोला दिला. कुत्रं भुंकलं, बाकी काही झालं नाही. माडगूळकरांनी त्या शेवटाला एकही रडकं वाक्य लिहिलेलं नाही, हे मला ह्या वयात कळलं.

*

पणजी

भालचंद्र नेमाडे, 'हिंदू'. दोनदा सोडली. दोन्ही वेळा साधारण दीडशे पानांच्या पुढे. खंडेराव आठवणींत शिरला की बाहेरच येत नाही, आणि मला बाहेर यायची सवय. तिसऱ्यांदा पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून वाचतो आहे, रोज वीस पानं, घरी आणायचीच नाही असं ठरवून. शांत बसायला जागा आहे, आणि ज्यांच्या नावाचं ग्रंथालय त्या केळशीच्या शामांनी 1526 मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहिलं, हे मनात असलं की वीस पानांचा कंटाळा करायला लाज वाटते. तीनशेवर आहे. ह्यावेळी खंडेरावाचं मोरगाव सुटणार नाही.

*

लोटली

तुम्ही सगळ्यांनी अलीकडची पुस्तकं सांगितली, माझं 1616 चं आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'. देवनागरी आवृत्ती वर्षभर घरात होती, उघडायला भीती वाटायची. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! 1579 मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज पाद्री सासष्टीत राहून ज्ञानेश्वर-नामदेवांच्या वळणाची ओवी लिहितो. पैलें पुराण, मग दुसरें. छापलं आमच्या शेजारी रायतूरला, म्हणजे राशोलला, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आणि सुरुवातीलाच मराठीची स्तुती करतो, फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी. मी ती ओवी वाचून पुस्तक मिटलं. मला माझी भाषा एवढी सुंदर आहे हे एका परक्याने सांगावं लागलं, ह्याने गलबलून आलं. आठ दिवस तेवढीच ओवी म्हणत होते, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती आजी राहतात. 91 वर्षांच्या. त्यांचं बोलणं कोंकणी, प्रार्थना कोंकणी, मराठी कधी शिकल्या नाहीत. उपासाच्या दिवसांत एका शुक्रवारी मी त्यांच्या बाल्कावात, घरापुढच्या ओसरीत, बसले होते, पुस्तक हातात होतं. म्हणाल्या, काय वाचतेस? मी म्हटलं, जेजूची गोष्ट, ओव्यांत. ऐकव म्हणाल्या. मी चालीवर म्हणायला लागले, जशी माझी आजी श्रावणात पोथी वाचायची त्याच चालीवर, मला दुसरी चाल येत नाही. आजींनी पहिल्या दोन ओव्या नुसत्या ऐकल्या. मग त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरायला लागला. अर्धे शब्द त्यांचे ओळखीचे, उरलेले मी सांगायची. मध्येच मला थांबवून म्हणाल्या, "हें आमचेंच न्हय गो?"

मी हो म्हटलं. कोणाचं 'आमचें', हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. 1684 मध्ये फर्मान काढून पोर्तुगीज इथल्या लोकांची भाषा बंद करायला निघाले होते. जी बंद करायची होती ती ह्या बाल्कावात, जवळजवळ साडेतीनशे वर्षांनंतर, एका पोथीच्या चालीवर आजींच्या गुडघ्यावर वाजत होती.

उपास संपले, पास्कूचं, म्हणजे ईस्टरचं फेस्त झालं, पाऊस आला. शुक्रवार चुकलेला नाही. परवा मला ताप होता म्हणून गेले नाही तर आजींनी नातवाला छत्री देऊन पाठवलं, बरी असशील तर ये म्हणून, आणि त्याच्या हातात एक उंडो, आमचा गोव्याचा पाव, दिला होता, गरम. पैलें पुराण अजून निम्मं व्हायचं आहे.